हवा कुठून घ्यायची

विलास गेला त्याला वर्ष होऊन गेलं तरी त्याची कॉन्टेसा अंगणातल्या पत्र्याखाली तशीच उभी होती. ती विकून टाक असं मीरा पोतनीसला ज्याने सांगितलं नाही असा माणूस उज्जैनच्या अख्ख्या फ्रीगंजात शोधावा लागला असता. समोरच्या मंगलाकाकू सांगायच्या, ऑफिसातल्या बायका सांगायच्या. वर्षश्राद्धाला आलेल्या चुलतभावाने तर राम घाटावर तर्पण आटोपल्यावर ओलं धोतर पिळता पिळताच विषय काढला. "ताई, एकटी बाई तू. एवढ्या मोठ्या गाडीचं करणार काय? गिऱ्हाईक पक्कं आहे माझ्याजवळ." मीरा "बघते" म्हणाली. तोंडावर नाही म्हणायचा तिचा स्वभाव नव्हता, आणि हो म्हणायला जीभ वळत नव्हती.

मीरा टेलिफोन खात्यात होती. तरुणपणी ट्रंक ऑपरेटर म्हणून लागली, तेव्हा बाहेरगावी बोलायचं म्हणजे तिच्यासारखीच्या हातून जावं लागायचं. कानाला हेडफोन लावून तिने अर्ध्या उज्जैनच्या सोयरिकी ऐकल्या होत्या, बाळंतपणं ऐकली होती, मयतीचे निरोप पोचवले होते. मग एसटीडी आली. टावर चौकात पानाच्या ठेल्यांपेक्षा पिवळ्या पाट्यांचे बूथ जास्त झाले आणि ट्रंक रूम हळूहळू रिकामी झाली. मीराला तक्रारींच्या खिडकीवर बसवलं. तिथे दिवसभर माणसं तिच्याशी बोलत, पण भांडायला. संध्याकाळी घरी आली की कुलूप काढायचं, आणि मग दुसऱ्या दिवशी कुलूप लावेपर्यंत कोणी हाक मारत नसे.

विलास तिचा धाकटा भाऊ. बरीच वर्षं मस्कतला एका गॅरेजात होता. तिकडून परत येणारी माणसं सोनं आणत, टेपरेकॉर्डर आणत. विलासने एक लाकडी खोकं आणलं. त्यात भंगारात गेलेल्या एका जपानी गाडीचा सुपरचार्जर होता. विलास त्याला ब्लोअर म्हणायचा. कुकरएवढा, पण उचलायला दोन माणसं लागतील असा तो ॲल्युमिनियमचा ठोकळा. इंजिनच्याच पट्ट्यावर फिरायचा आणि इंजिनमध्ये हवा कोंबायचा. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. विलासने जुनी कॉन्टेसा घेतली आणि तो ब्लोअर तिला स्वतःच्या हाताने बसवला. लग्न त्याने केलं नाही, मीराचंही राहून गेलं होतं. दोघं भावंडं आणि ती गाडी, असा संसार होता.

बसवला खरा, पण दोन गोष्टी अडल्या. गाडीला हवा घ्यायची वाट मुळातली होती, अरुंद. आणि धूर सोडायची वाटही मुळातलीच, तीही अरुंद. विलास रोज रात्री जेवताना तेच घेऊन बसायचा. "ताई, हे मशीन ढकलणार, पण ढकलायला हवा तर यायला पाहिजे नं? आणि आत गेली ती बाहेर कुठून काढू?" कधी म्हणायचा, मागे जाड पाइप टाकतो, सगळ्या फ्रीगंजाला कळलं पाहिजे. कधी म्हणायचा, नको, आधी पुढचा फिल्टर मोठा करतो. मीरा म्हणायची, "भात घेतोस का अजून?" एवढंच तिचं त्या चर्चेत बोलणं. मग एका थंडीत सकाळी नळापाशी दात घासता घासता तो खाली बसला तो उठलाच नाही.

त्यानंतर मीरा दर रविवारी गाडी सुरू करायची, बॅटरी उतरू नये म्हणून. चालवता तिला येत होतं. विलासने कोठी रोडवर शिकवलं होतं. हळू चालवली की गाडी गुमान चालायची. पाय जरा दाबला की खोकायची, अडायची, आणि उष्णतेचा काटा वर चढायला लागायचा.

चुलतभावाने सांगितलेलं गिऱ्हाईक एका संध्याकाळी दारात आलं. देवास रोडवरचा एक ठेकेदार होता, बरोबर त्याचा मेकॅनिक, यूनुसभाई. ठेकेदाराला गाडी पसंत पडली. पण बोनेट उघडल्यावर त्याने तोंड वाकडं केलं. यूनुसभाईने समजावलं, "दीदी, ये पंखा उतार देते हैं. फिर गाड़ी एकदम सीधी-सादी हो जाएगी." आणि बोलता बोलता त्याने पट्ट्याच्या नटला पाना लावलासुद्धा.

"हाथ मत लगाओ," मीरा म्हणाली.

तिचा आवाज एवढा चढला की मंगलाकाकू गच्चीवरून वाकून पाहायला लागल्या. यूनुसभाई पाना घेऊन तसाच उभा राहिला.

"अभी काम बाकी है इसका."

"किसका काम, दीदी?" त्याने जरा नवलानेच विचारलं.

"मेरा," मीरा म्हणाली. दोघं गेल्यावर तिने स्वतःच बोनेट लावलं. आपण हे काय बोलून बसलो, तिचं तिलाच कळेना.

विलासच्या तोंडी एक नाव सारखं असायचं. इंदूरचे टाकळकर. गोपाळकृष्ण टाकळकर छत्रीबागेच्या मागे शर्यतीच्या गाड्यांना सायलेन्सर आणि पाइप बनवून देत. मोठ्या गाड्यांचं काम तसं कमीच, पोट भरायचं मोटरसायकलींवर. नंबर काढणं मीराच्या हातचा मळ होता. रविवारी सकाळी तिने फोन लावला.

"विलासची बहीण का?" पलीकडचा आवाज भारदस्त होता, खोल. "अहो, त्याने दोन वर्षं माझं डोकं खाल्लं. ठरवतच नव्हता. बोला, मीराताई."

"मला त्यातलं काही कळत नाही."

"मग बरंच आहे. ज्याला कळतं तो भांडतो. असं करा, फिल्टरचा डबा उघडा आणि त्याला हवा कुठून येते ते बघून मला सांगा."

त्या दिवसापासून सुरू झालं. मीरा शिवणाचा टेप घेऊन बोनेटखाली वाकायची, पाइपांची मापं घ्यायची आणि रविवारी फोनवर सांगायची. टाकळकर समजावून सांगत, घाई न करता. डबा इंजिनच्या डोक्यावरच आहे, म्हणजे गाडी तापलेली हवा घेतेय. गरम हवा विरळ असते, ती कितीही कोंबली तरी ताकद येणार नाही. थंड हवा पुढून, जाळीपासून घ्यायला पाहिजे. मग प्रश्न आला फिल्टरचा. कागदाचा ठेवायचा की तेल लावलेल्या कापडाचा? कापडाचा जास्त हवा सोडतो पण धुवावा लागतो, आणि उज्जैनची धूळ तर तुम्हाला माहीतच आहे. एका रविवारी फिल्टर झाला, पुढच्याला मॅनिफोल्ड. इंजिनातून निघणारा धूर ओतीव लोखंडाच्या एका बोळात घुसमटतो, त्याऐवजी चार नळ्या वेगवेगळ्या काढून पुढे जोडायच्या. त्यापुढे पाइप किती जाड, आणि सायलेन्सर कोणता.

हे सगळं खरं तर दोन-तीन फोनांत ठरलं असतं. मीराला ते कळत होतं. पण एक गोष्ट ठरत आली की ती दुसरी शंका काढायची. कापडाच्या फिल्टरवर ठरलं की पुढच्या रविवारी म्हणायची, पण पावसाळ्यात त्याचं कसं? दोन इंची पाइपवर आलं की म्हणायची, विलास तर अडीचचं म्हणत होता. टाकळकर पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. मधूनच गाडी सोडून बोलणं दुसरीकडे जायचं. एकदा तिने त्यांना ट्रंक रूमच्या गोष्टी सांगितल्या. एकदा विलासचं जेवताना बोलणं सांगितलं, आणि आपण फक्त भात विचारायचो तेही सांगितलं. सांगून झालं, तर टाकळकरांनी घाईने गाडीचा विषय काढला नाही. ते तिला फार बरं वाटलं.

तिचा कान तयार होता. माणसाच्या मागचं घर तिला फोनवर दिसायचं. टाकळकरांच्या मागे घड्याळाची टिकटिक होती, कुकरची शिटी होती, भांडं ठेवल्याचा आवाज होता. आवाज जरा घुमायचा, ते पत्र्याच्या शेडमुळे असणार असं तिने धरलं. पण इतक्या रविवारांत बाईचा आवाज कधी आला नाही. कोणाची हाक नाही, हसणं नाही. म्हणजे हेही एकटेच, तिने मनाशी म्हटलं. स्वतःच कुकर लावतात बिचारे. त्यापुढे तिने काही बांधलं होतं असं नाही. पण शनिवारी संध्याकाळी ती उद्याच्या शंका मनात जुळवून ठेवायची, आणि रविवारी फोनपाशी बसण्याआधी केस विंचरायची. फोनवर केस कोणाला दिसतात?

शेवटी टाकळकरच म्हणाले, "ताई, आता गाडी घेऊन या इकडे. डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढे होणार नाही."

मीराने रजा टाकली. चुलतभावाच्या मुलीच्या लग्नासाठी घेतलेली आणि मग न नेसलेली माहेश्वरी काढली. मंगलाकाकूंनी फाटकातूनच विचारलं, "आज कुठे मोठ्या थाटात?" "गाडी दाखवायला चालले," मीरा म्हणाली. नानाखेड्यापासून पुढे ट्रक तिला मागे टाकून जात राहिले. सांवेरच्या अलीकडे चढावर गाडी इतकी धापा टाकायला लागली की बाजूला घेऊन थंड करावी लागली. बोनेट उघडून उभी राहिलेली माहेश्वरीतली बाई बघायला दोन सायकलवाले थांबले. मीराला त्या दिवशी लाज वाटली नाही.

छत्रीबागेच्या मागे शेड सापडायला वेळ लागला नाही. टाकळकर बाहेर आले. आवाज एवढा भारदस्त आणि माणूस अगदी काडीसारखा, कानावर चष्म्याची दोरी. "या, या," म्हणत त्यांनी गाडीकडे आधी पाहिलं आणि मीराकडे नंतर. तिला ते आवडलं. मग शेडच्या मागचं दार उघडलं आणि एक बाई पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आल्या. गोऱ्या, ठेंगण्या, गळ्याभोवती सुती रुमाल गुंडाळलेला. बशा ठेवून त्यांनी मीराचे दोन्ही हात धरले आणि तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

"ही गौरी. आमची मंडळी," टाकळकर म्हणाले. "बोलत नाही ती. गळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून."

गौरीताईंनी भिंतीवरच्या फोनकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या कानाकडे, मग मीराकडे. चेहरा हसून फुलला होता.

"रविवारची वाट बघते ती," टाकळकर म्हणाले. "तुमचा फोन आला की मी स्पीकर लावतो, ही बाजूला बसते. दुसरं कोण बोलायला येतं आमच्याकडे? उत्तर देता येत नाही म्हटल्यावर लोक येणं बंद करतात, ताई. तुम्ही ते विलासच्या भाताचं सांगितलंत नं, त्या दिवशी फार रडली."

मीराने बशी हातात घेतली. पोह्यांचा घास तोंडात फिरत राहिला. आवाज घुमायचा तो शेडमुळे नव्हता तर. आयुष्यभर लाइनवर बसलेल्या तिच्या कानाला स्पीकर ओळखू आला नव्हता, की ओळखून घ्यायचा नव्हता? एकाला म्हणून सांगितलेलं सगळं दोघांनी ऐकलं होतं. रागावावं तर कशावरून? तिनेही उभी हयात दोन माणसांच्या मध्ये बसून तिसऱ्या कानाने ऐकलंच होतं. तिला फक्त ती माहेश्वरी अंगावर जड वाटायला लागली.

"हं," टाकळकर हात पुसत म्हणाले. "आता ठरवायचं."

त्यांनी भिंतीवरून दोन पाइप काढून जमिनीवर ठेवले. एक अडीच इंची, विलासला हवा होता तसा, पुढे आखूड सायलेन्सर. दुसरा दोन इंची, सायलेन्सर लांब, आत आवाज शोषायला काचेचा कापूस भरलेला. "जाड पाइप जोरात पळवणाऱ्याला. वरच्या वेगात मोकळा सुटतो, पण खाली हळू चालवताना गाडी ढिली पडते. आणि आवाज म्हणाल तर हा असा." त्यांनी मॅनिफोल्डपासूनचा जुना पाइप सोडवला आणि गाडी सुरू करून पाय दाबला. शेडचे पत्रे थडथडले. रस्त्यावरचं कुत्रं पळत सुटलं. गौरीताई कान झाकून हसत होत्या, खांदे हलत होते आणि आवाज मात्र नव्हता.

"दोन्ही लावून बघता येतील का?" मीराने विचारलं. "एक महिना हा, एक महिना तो?"

टाकळकरांनी इंजिन बंद केलं. "ताई," ते हळूच म्हणाले, "विलास असाच करायचा. आज हा, उद्या तो. गाडी तशीच राहिली."

मीरा पाइपांजवळ उकिडवी बसली. पदर धुळीत गेला तो तिने उचलला नाही. तिने विचार केला, या गाडीत आता कोण बसणार आहे? विलास नाही. फ्रीगंजाला काही कळवायचं आहे का? काही नाही. सांवेरचा चढ डोळ्यांपुढे आला.

"दोन इंची," ती म्हणाली. "लांब सायलेन्सर. मला पळवायची नाही, चढावर दम लागू नये एवढंच. हवा पुढून, उजव्या दिव्याच्या बाजूने घ्या, तिथे चिखल कमी उडतो. फिल्टर कापडाचा. मी धुवेन."

"आणि ब्लोअरचा आवाज? डबा बंद केला तर दबेल."

"तो दाबू नका," मीरा म्हणाली.

टाकळकरांनी जाड पाइप परत भिंतीला लावला. "हे विलासने नसतं ठरवलं."

"त्याची नाहीये आता," ती म्हणाली. हे वाक्य वर्षभर कोणी तिला म्हणालं असतं तर ती रडली असती. स्वतःच म्हणून झालं आणि डोळे कोरडे राहिले.

गाडी तिथेच सोडून ती बसने परतली. काम झाल्याचा फोन आला तेव्हा साधी सुती साडी नेसून गेली. गौरीताईंनी तिला शेवेचा डबा दिला, आणि निघताना गाडीच्या काचेवर हाताने दोनदा थोपटलं.

परतीच्या वाटेवर मीराने सांवेरच्या पुढे मोकळा रस्ता बघून पाय दाबला. पुढून बारीक, उंच शीळ वाजल्यासारखा आवाज आला आणि गाडी सरळ उचलली गेली. खोकली नाही, अडली नाही. जे ट्रक तिला मागे टाकून गेले होते तसलेच दोन ट्रक मागे पडले. मीरा मोठ्याने हसली. "बघितलंस?" म्हणून डावीकडे मान वळवली, तर सीटवर तिची पर्स आणि शेवेचा डबा होता.

पुढच्या रविवारी ती सवयीने फोनपाशी जाऊन बसली आणि लक्षात आलं की विचारायला काही नाही. पट्टा सैल वाटतो म्हणावं का? पण पट्टा घट्ट होता. तिने रिसीव्हर उचलला, ठेवला. मटार सोलायला घेतले. तेवढ्यात फोनच वाजला.

"हॅलो?"

पलीकडे कोणी बोलेना. ती ठेवणार होती, पण तिला घड्याळाची टिकटिक ऐकू आली. मग रिसीव्हरवर बोटाने टकटक झाली. दोनदा.

"गौरीताई?"

टक.

मीराने मटाराचं ताट बाजूला सारलं. "टाकळकर साहेब नाहीत का घरी?" टक. मग तिने गाडीचंच काढलं. चढ कसा सहज गेला, शीळ कशी वाजते, मंगलाकाकूंनी ती प्रेशर कुकरची समजून गॅस कसा बंद केला. पलीकडून श्वास जोरात यायला लागला, म्हणजे हसत होत्या. मीरा बोलत राहिली. बोलून थकली तेव्हा दोघी जणी काही न बोलता लाइन धरून बसल्या.

असे काही रविवार गेले. पण नव्या गाड्या येऊ लागल्या होत्या, त्यांना टाकळकरांचे पाइप लागत नव्हते. मुलगा पुण्याला एका नव्या कारखान्यात होता, त्याने आईवडिलांना बोलावून घेतलं. शेड बंद झाली. टाकळकरांनी स्वतः फोन करून पुण्याचा नंबर दिला, "येत जा हो," म्हणाले. मीराने तिकडे एकदा लावला. सुनेने उचलला. आई आराम करतायत, म्हणाली, काही निरोप आहे का? उभ्या नोकरीत मीराने लोकांचे निरोप घेतले होते. स्वतःचा काय द्यावा, ते तिला सांगता आलं नाही. "काही नाही, सहज," म्हणाली. पुण्याहून टकटक कधी आली नाही. तिथल्या घरात फोन हॉलमध्ये असेल, मीराने स्वतःला समजावलं. सगळ्यांच्या समोर नुसतं टकटक कोण करेल?

रविवारी आता ती गाडी काढते. मक्सी रोडला दूरवर जाते, हवं तिथे वळते. फिल्टर स्वतः धुते, सावलीत वाळवते, तेल लावते. परवा एका चहाच्या टपरीवर थांबली, तर टपरीवाल्याने विचारलं, "दीदी, इसमें से सीटी काहे की आती है?"

मीराने चहा बाजूला ठेवून बोनेट उघडलं. ब्लोअर दाखवला, पट्टा दाखवला, हवा कुठून येते ते बोटाने पुढून आखून दाखवलं. तो खरंच वाकून ऐकत होता. "और धुआँ जहाँ से निकलता है नं," ती खुशीत येऊन म्हणाली, "वहाँ असली चुनाव था. दो पाइप थे—" तेवढ्यात एक बस येऊन थांबली, भराभर माणसं उतरली, आणि "आया, दीदी," म्हणत तो भट्टीकडे पळाला.

मीरा थोडा वेळ बोनेट धरून उभी राहिली. मग तिने ते लावलं, ग्लास फळीवर नेऊन ठेवला आणि उज्जैनच्या बाजूला गाडी वळवली.